दोन दिवसांची मुंबई, बावीस महिन्यांची नात

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा माझ्याकडे ‘बालदमा’ या विषयावर लेख मागितला होता. दोन पाने लिहूनही झाली होती. परंतु गेल्या हिवाळ्यातील एक शनिवार-रविवार मनातून हटेना, म्हणून दमा पुढील वर्षावर ढकलून मी हे लिहावयास बसलो आहे. संपादकांनी क्षमा करावी. दम्यावर लिहिणारे आपल्या मंडळात माझ्याहून अधिक अधिकारी आहेत.

माझ्या दवाखान्यात गेली वीस-बावीस वर्षे एक पिवळा कागद मिळतो. ‘लहान मुलांसह प्रवास’ हे त्याचे शीर्षक आणि खाली अकरा सूचना. एका बाजूस मराठी, दुसऱ्या बाजूस गुजराती. उकळलेले पाणी, क्षारसंजीवनीची पाकिटे, तापाचे औषध वजनाप्रमाणे किती द्यावे, मुक्कामाच्या खोलीत काय तपासावे, वगैरे. हा कागद लिहिताना माझ्या गाठी पुस्तके होती, रुग्णांचा अनुभव होता. नव्हता तो फक्त प्रवास. माझी मुले त्या वयाची होती तेव्हा मी आधी एम.डी.चा विद्यार्थी होतो आणि नंतर नव्या दवाखान्याचा कैदी. मुलांना घेऊन आजोळी जात असे ती सौ.; माझे काम स्टेशनवर बॅगा चढविण्यापुरते.

सूनबाई वास्तुविशारद आहे. मुंबईत तिची दोन दिवसांची कार्यशाळा होती आणि चिरंजीव कामानिमित्त परदेशी. ईरा तेव्हा बावीस महिन्यांची. तिला सोडून जाणे नको, म्हणून सूनबाई कार्यशाळेवर पाणी सोडण्याच्या बेतात होती. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, “त्यात काय? आपण सगळेच जाऊ. तू तुझ्या कार्यशाळेत बस, आम्ही दोघे ईराला मुंबई दाखवतो.” तीस वर्षे मुलेच तपासणाऱ्या माणसास एक मूल दोन दिवस सांभाळणे अवघड वाटण्याचे कारण नव्हते.

औषधे लिहून देण्याच्या कागदावरच मी कार्यक्रम आखला. शनिवारी राणीबाग, पेंग्विन, भाऊ दाजी लाड संग्रहालय, गेट वे, मरीन ड्राइव्ह. रविवारी वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, सिद्धिविनायक, शिवाजी पार्क. सौ.ने कागद वाचला आणि परत देत म्हणाली, “ही तुमच्या ओपीडीची यादी झाली. एकेकाला दहा मिनिटं.”

शुक्रवारी रात्री दादरच्या मुक्कामी पोचलो. खोलीत पाऊल टाकताच सूनबाईने एक विलक्षण गोष्ट केली. ईराला सौ.च्या कडेवर दिले आणि ती स्वतः गुडघ्यांवर बसून, मुलाच्या उंचीवरून, खोलीभर रांगत फिरली. पाणी तापविण्याच्या किटलीची लोंबती दोरी वर घेतली, पलंगाखाली सापडलेली टाचणी उचलली, गॅलरीच्या दाराची कडी वरून लावली आणि पर्समधून चिकटपट्टी काढून दूरचित्रवाणीच्या रिमोटचे सेलचे झाकण बंद करून टाकले. मी कौतुकाने पाहत होतो. “हे कुठे शिकलीस?” असे विचारले तर म्हणाली, “बाबा, तुमचाच कागद. सातवी सूचना.”

शनिवारी सकाळी टॅक्सीने राणीबागेत निघालो. पिवळ्या कागदावरील तिसरी सूचना अशी आहे, की मोटारीत मुलास मांडीवर न घेता त्याच्या स्वतंत्र आसनात बसवावे. २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्यातही चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याने वा योग्य आसनाने सुरक्षित केलेले नसल्यास एक हजार रुपये दंड आहे. दादरच्या नाक्यावर उभे राहून मी तीन टॅक्सीवाल्यांना अशा आसनाविषयी विचारले. तिसरा म्हणाला, “साहेब, बसायचं असेल तर बसा.” आम्ही बसलो. ईरा सौ.च्या मांडीवर, मागच्या बाकावर. माझी सूचना चुकीची नाही. पण ती मी ज्यांना देतो त्यांपैकी बहुतेकांना आयुष्यात अशीच टॅक्सी मिळणार आहे, हे मला भायखळ्यापर्यंतच्या रस्त्यात प्रथमच नीट जाणवले.

राणीबागेत जाण्याचे आम्हा बडोदेकरांना तसे काही कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली विश्वामित्रीकाठी उभारलेली कमाटीबाग आमच्या दाराशी आहे. ईराला तिथल्या माकडांची चेहरेपट्टी पाठ आहे. आकर्षण होते ते पेंग्विनांचे. २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले हम्बोल्ट जातीचे हे पाहुणे २०१७ पासून लोकांना पाहता येतात. प्रवेशद्वारापासून त्यांच्या दालनाकडे आम्ही नऊ वाजून चाळीस मिनिटांनी निघालो. बावीस महिन्यांचे मूल चालते कसे, हे मी विद्यार्थ्यांना शिकवीत आलो आहे: पाय रुंद, हात किंचित वर, थांबता येते पण वळता नीट येत नाही. कुठे चालते, हे मात्र मी कधी शिकविले नव्हते. ते पुढे चालत नाही. ते एका पानाकडे चालते, मग त्याच पानाकडे परत येते. वाटेत एक माळी रबरी नळीने झाडांना पाणी घालीत होता. ईरा त्याच्यासमोर उभी राहिली आणि “पाणी” म्हणाली. नळी हलली, पुन्हा “पाणी”. हा संवाद पंचवीस मिनिटे चालला. मी घड्याळाकडे पाहत होतो, सौ. कट्ट्यावर बसून निवांत उन्हात शेंगा सोलीत होती. शेवटी पेंग्विनांच्या थंडगार दालनात पोचलो तेव्हा ईराने काचेकडे पाठ केली आणि बाहेर बोट दाखवून म्हणाली, “पाणी!”

साडेअकराला, म्हणजे नेहमीच्या वेळेच्या तब्बल दीड तास आधी, ती माझ्या खांद्यावर झोपली. संग्रहालय समोर होते. पण झोपलेल्या मुलाला जिन्यांवरून, गर्दीतून फिरविण्याचा धीर होईना. बाहेरच्या हिरवळीवर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, तिथे सावलीत बसलो. पोर्तुगिजांनी ज्याच्यावरून त्या बेटाचे एलिफंटा असे नाव ठेवले, तोच हा हत्ती. १८६४ साली इंग्रज तो विलायतेला न्यावयास निघाले आणि उचलताना तो पडून फुटला. १९१४ साली तुकडे जोडून या बागेत उभा केला. सांधे अजून दिसतात.

दीड तास मी त्या हत्तीजवळ मांडीवर मूल घेऊन बसलो. इतका वेळ काही न करता मी याआधी केव्हा बसलो होतो, आठवेना. समोरच्या इमारतीला ज्यांचे नाव आहे, त्यांचा विचार करीत राहिलो. १८७२ साली उघडलेल्या या संग्रहालयाला भाऊ दाजींचे नाव मिळाले ते १९७५ साली. पेडणे तालुक्यातील मांद्र्याचा हा मुलगा १८५१ साली ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून पदवीधर झाला, गरिबांसाठी मोफत दवाखाना चालविला, महारोगावर औषध शोधीत राहिला आणि उरलेल्या वेळात शिलालेख वाचून कालिदासाच्या काळाविषयी लिहीत बसला. उरलेला वेळ! आपल्यापैकी कितीजणांना असा वेळ उरतो, हा प्रश्न मी इथे विचारीत नाही. उत्तर मला स्वतःच्या घरापुरते ठाऊक आहे.

गेट वे आणि बाकी यादी अर्थातच गळाली. दुपार खोलीत गेली. सायंकाळी मात्र बोरीबंदरहून विजेवरच्या दुमजली बसमध्ये चढलो. जुन्या लाल दुमजली बसा २०२३ साली रस्त्यावरून गेल्या. त्याच वर्षी आलेल्या या नव्या बसा वातानुकूलित आहेत. वरच्या मजल्यावर अगदी पुढचे बाक मिळाले. झाडांच्या फांद्या काचेवर घासत जात होत्या आणि प्रत्येक फांदीला ईरा हात हलवून निरोप देत होती. नरिमन पॉईंटला उतरून मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसलो. अंधार पडला, दिव्यांची ओळ लागली. तिथे एक फेरीवाला डोक्यावर लावायचे सशाचे कान विकीत होता. बटण दाबले की त्यात निळे-तांबडे दिवे लुकलुकत. ईराने हात पुढे केला. सौ. म्हणाली, “नको, उद्या फेकून द्यावं लागेल.” मी पन्नास रुपये काढून दिले. आजोबाने एवढेही करू नये?

सव्वाआठला दादरला परतलो. सूनबाई आली होती. जेवण झाले. सशाचे कान साडेआठपर्यंत लुकलुकत होते, एवढे तिघांनाही नक्की आठवते. नऊ वाजता ईरा झोपली. सव्वानऊला सूनबाईने कान उचलून ठेवताना पाहिले, की एक कान अंधारा आहे आणि त्याच्या मुळाशी असलेल्या चपट्या डबीचे झाकण नाही. डबीत तीन बटण-सेलांच्या जागा होत्या. सेल दोन होते.

आम्ही पलंग झाडला, चादरी, उशा, ईराचे कपडे, मोजे, बाबागाडी, न्हाणीघर, केराची टोपली. पंधरा मिनिटे गेली. झाकण पलंगाखाली सापडले. त्याला स्क्रू नव्हता, नुसते दाबून बसविलेले होते. बटण-सेलाच्या खेळण्याचे झाकण हत्याराशिवाय उघडू नये, अशी सुरक्षा-मानकांची अपेक्षा असते, आणि १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना मानक चिन्ह सक्तीचेही आहे. पण ही सक्ती मरीन ड्राइव्हच्या कठड्यापर्यंत पोचत नाही आणि मीही चिन्ह शोधले नव्हते.

आता मी जे बोललो ते लिहिताना संकोच होतो. मी म्हणालो, “शर्टाच्या बटणाएवढा तर आहे. गेला असला पोटात तर जाईल निघून. शांत झोपली आहे, लाळ नाही, खोकला नाही. आता उठवून रात्रीची कुठे नेता? सकाळी पाहू.”

सूनबाई क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाबा, हाच फोन रात्री साडेनऊला तुमच्या एखाद्या पेशंटच्या आईने केला असता, तर तुम्ही तिला काय सांगितलं असतं?”

काय सांगितले असते, ते मला शब्दशः ठाऊक होते. कारण दीड वर्षापूर्वी आपल्याच सभेत मी ते चित्रांसह सांगितले होते. बटण-सेलाचा धोका त्यातील रसायन गळण्याचा नव्हे, तर विद्युतप्रवाहाचा आहे. ओल्या अन्ननलिकेत सेल अडकला की त्याच्या ऋण टोकाशी अल्कली तयार होते आणि भाजणे सुरू होते. दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. वीस मिलिमीटरचा तीन व्होल्टचा लिथियम सेल सर्वांत वाईट, परंतु बारा वर्षांखालील मुलाने कोणत्याही आकाराचा सेल गिळल्याची शंका आली तरी लक्षणांची वाट न पाहता तातडीने क्ष-किरण चित्र काढावयाचे. मूल शांत आहे याला काहीही अर्थ नाही. पहिले काही तास ते शांतच असते. हे सारे माहीत असून मी ‘सकाळी पाहू’ म्हणालो. त्याचे कारण वैद्यकीय नव्हते. ते खेळणे मी घेतले होते.

ईराला उठविले. सौ. रोज सकाळी लिंबू-मध घेते, तिची मधाची छोटी बाटली पिशवीत होतीच. एक वर्षावरील मुलास, सेल गिळून बारा तासांच्या आत असल्यास, रुग्णालयात पोचेपर्यंत दर दहा मिनिटांनी दोन छोटे चमचे मध द्यावा, असे आता सांगितले जाते. अधिकाधिक सहा वेळा. मध सेलावर थर धरतो आणि इजेचा वेग कमी करतो. त्याने उपचार होत नाही, आणि मध शोधण्यात वेळही दवडावयाचा नाही. उलटी तर कधीच करवायची नाही. टॅक्सीत अर्धवट झोपेतली ईरा चमचा चाटून “अजून” म्हणत होती. माझे लक्ष घड्याळावर होते. साडेआठपासून धरले तर एक तास पंधरा मिनिटे झाली होती.

पहिल्या रुग्णालयात क्ष-किरण विभागाचा माणूस अकरानंतर येणार होता. दुसऱ्यात तो होता. तिथल्या तरुण निवासी डॉक्टरला मी माझी ओळख सांगितली आणि एकामागून एक सूचना देऊ लागलो: मानेपासून पोटापर्यंत घ्या, समोरून आणि बाजूने दोन्ही घ्या, कडेला दुहेरी वर्तुळ दिसते का पाहा, नाहीतर नाणे समजून फसाल. त्याने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि नम्रपणे म्हणाला, “सर, आम्ही करतो. आपण बाहेर बसा.” सूनबाई आत गेली. दार लागले. आतून ईराचा रडण्याचा आवाज आला. रोज माझ्या दाराबाहेरच्या बाकावर कोणी ना कोणी असे बसलेले असते. त्या बाकाची बाजू मी आजवर पाहिली नव्हती. सौ.ने माझा हात हातात घेतला. माझा हात थंड होता असे ती नंतर म्हणाली.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्या मुलाने पडद्यावर चित्र दाखविले. घसा स्वच्छ, छाती स्वच्छ, पोट स्वच्छ. सेल कुठेही नव्हता. मी दोनदा पाहिले, मग चष्मा पुसून तिसऱ्यांदा. त्याने नाक आणि कानही तपासले, कारण मुले तिथेही सेल घालतात आणि तिथेही तो भाजतो. मला हे सुचले नव्हते.

रविवारी यादी कोणी काढलीच नाही. माटुंग्यात इडली खाल्ली. म्हणजे आम्ही खाल्ली, ईराने सांबाराच्या वाटीत चमचा बुडवून टेबलावर ठिपके काढले. मग शिवाजी पार्कावर गेलो. तिथे क्रिकेटचे पाच-सहा सामने एकाच वेळी चालू होते आणि ईराला त्यांपैकी एकाशीही कर्तव्य नव्हते. कडेच्या मातीत मुंग्यांची रांग होती. दीड तास आम्ही तिघे मुंग्या पाहत होतो. विज्ञान केंद्र राहिले त्याची खंत वाटली नाही.

सायंकाळी सूनबाई कार्यशाळा आटोपून आली आणि आम्ही परतीची गाडी धरली. डब्यात बसल्यावर सारे हलके झाले होते. आदल्या रात्रीची गोष्ट सौ. आता हसून सांगू लागली होती. माझा थंड हात, डॉक्टरांनी डॉक्टरांना बाहेर बसविणे, सगळे. सुरत मागे पडले तेव्हा ईराने खाऊसाठी हात पुढे केला. तिच्या ममऱ्यांची एक गोल डबी आहे, फिरकीच्या झाकणाची. मुंबईत ताजे खाणे मिळाल्याने ती शनिवारच्या संध्याकाळपासून कोणी उघडली नव्हती. ईरा ती डबी स्वतःच हातात धरून त्यात हात घालून खाते. या वयाच्या मुलांना वस्तू डबीत टाकण्याचा आणि काढण्याचा नाद असतो. वाढीचा तो एक टप्पा आहे, मी पालकांना कौतुकाने सांगतो. सूनबाईने झाकण उघडले आणि तिच्या सवयीप्रमाणे ममरे आधी ताटलीत ओतले.

पांढऱ्या ममऱ्यांत तो चकाकला.

कोणी काही बोलले नाही. क्ष-किरण चित्र स्वच्छ आले त्या क्षणी आम्ही शोध थांबविला होता. सेल ईराच्या पोटात नाही एवढे कळले आणि तो मग आहे कुठे, हा प्रश्न तिघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. माझ्या तर नाहीच, आणि त्या तरुण डॉक्टरलाही विचारावे असे वाटले नाही. जवळजवळ पूर्ण एक दिवस तो सेल तिच्या खाऊच्या डबीत, बाबागाडीच्या खिशात, तिच्या हाताच्या अंतरावर होता.

सूनबाईने तो उचलला, रिमोटसाठी आणलेल्या त्याच चिकटपट्टीत दोन्ही बाजूंनी गुंडाळला आणि माझ्या हातावर ठेवला. ममरे कचऱ्यात गेले. ईरा रडू लागली, तेव्हा सौ.ने तिला खिडकीशी नेले. बाहेर अंधारात एक लांबलचक मालगाडी चालली होती आणि ईरा तिच्या प्रत्येक डब्याला हात हलवीत होती.

पिवळ्या कागदाची नवी आवृत्ती छापखान्यात आहे. सातव्या सूचनेत आता रिमोटबरोबर खेळणेही आहे, आणि तिच्याखाली एक ओळ नवी: सेल मुलात नसेल तर तो सापडेपर्यंत शोधा. वाक्य सूनबाईने घातले आहे. तिसरी सूचना मी तशीच ठेवली, पण ‘आसन न मिळाल्यास’ या शब्दांनी सुरू होणारा भाग तिला जोडला. चिकटपट्टीत गुंडाळलेला तो सेल माझ्या टेबलाच्या वरच्या खणात, मुलांच्या हाताला लागणार नाही असा, काचेच्या बंद बाटलीत आहे. प्रवासाला निघालेले कोणी आईवडील कागद मागावयास आले की मी बाटली काढून त्यांना दाखवितो. बहुतेकजण विचारतात, “डॉक्टर, कुणाच्या पोटातून काढलात?”